पट्टा दिसला की आधी मोजपट्टी घ्या

आजचा विषय ऐकून काहींना आश्चर्य वाटलं असेल. तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस छपाईच्या मशीनवर काय बोलणार? पण ‘कारण म्हणजे काय’ हे वर्गात शिकवताना मी आयुष्यभर कुंभार आणि मडक्याचंच उदाहरण दिलं. गेल्या पावसाळ्यात एका जुन्या विद्यार्थ्याच्या दुकानात मला त्याच प्रश्नाचं जिवंत उदाहरण भेटलं, आणि तिथे एका मुलाची नोकरी पणाला लागली होती.

हा विद्यार्थी मोठ्या मशीनवर विनाइल छापतो. दुकानांचे बोर्ड, गाड्यांवरचे स्टिकर, काचेवरची चित्रं, अशी कामं. एका कामात पार्श्वभूमी गर्द निळी होती. त्या निळ्यावर आडवे फिकट पट्टे उमटले आणि गिऱ्हाइकानं माल परत पाठवला. मालकाचं म्हणणं, नव्या ऑपरेटरनं हेड खराब केलं. पुरावा काय? “सर, तो आल्यापासूनच पट्टे यायला लागले.” दोन दिवसांत पाच-सहा वेळा हेड क्लीनिंग झालं होतं, दर वेळी शाई वाया गेली होती. आता नवं हेड मागवायचं आणि त्याचे पैसे त्या मुलाच्या पगारातून कापायचे, असं घाटत होतं.

आधी मशीन काय करतं ते समजून घेऊ. हेड डावीकडून उजवीकडे धावतं आणि शाईचे बारीक थेंब टाकतं. एक फेरी झाली की विनाइल थोडं पुढे सरकतं. या फेरीला ‘पास’ म्हणतात. चित्राचा प्रत्येक भाग अशा अनेक पासमध्ये थोडा थोडा भरला जातो. इको-सॉल्व्हंट मशीनमध्ये बरीच वर्षं चाललेलं एप्सनचं डीएक्स५ हेड घ्या. त्यात नोझलच्या ८ ओळी, प्रत्येकीत १८० नोझल, आणि ओळीची लांबी एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर. चार पासमध्ये छापलं तर दर फेरीला विनाइल साधारण ६.३५ मिलिमीटर सरकायला हवं. ७२० डीपीआयला दोन ठिपक्यांमधलं अंतर असतं सुमारे ०.०३५ मिलिमीटर. एवढीशी चूक दर फेरीला होत गेली तरी सपाट रंगात डोळ्याला दिसते. फोटोत ती लपते, निळ्या पार्श्वभूमीत लपत नाही.

म्हणून पट्टा दिसला की लगेच बटणं दाबू नका. आधी पट्टा नीट बघा आणि त्याला तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न, दिशा कोणती? पट्टा हेडच्या धावण्याच्या दिशेनं, म्हणजे आडवा असेल, तर शोध नोझल किंवा फीडकडे जातो. विनाइल सरकतं त्या दिशेनं, म्हणजे उभा असेल, तर हेडच्या धावण्यातच अडखळ आहे का ते पाहायचं. एन्कोडर स्ट्रिपवर शाईचे तुषार बसलेत का? पट्टा, बेअरिंग झिजलंय का? की खालचं सक्शन किंवा हीटरची उष्णता सगळीकडे सारखी नाही?

दुसरा प्रश्न, रंग कोणता? नोझल चेक काढा. एकाच रंगाच्या रेघा तुटल्या असतील तर तिथले नोझल तुंबलेत, आणि मग क्लीनिंगला अर्थ आहे. सगळ्या रेघा अखंड असतील तर हेडला हात लावू नका. आणि एक गोष्ट लोक विसरतात. नोझल चेक छपाईच्या आधी काढतात, तसाच तो खराब प्रिंट निघाल्यावर लगेचही काढायला हवा. आधी अखंड आणि नंतर तुटलेला, असं दिसलं तर बहुधा नोझलपर्यंत शाई पोचत नाहीये. डॅम्पर, फिल्टर किंवा नळीतली हवा तपासा. अशा वेळी रंग सुरुवातीला भरगच्च येतो आणि पुढे पुढे विरत जातो. क्लीनिंग केलं की थोडा वेळ बरं वाटतं, म्हणून माणूस फसतो.

तिसरा प्रश्न, अंतर किती? इथे मोजपट्टी लागते. दहा अंतरं एकत्र मोजा आणि दहानं भागा. उत्तर दर पासच्या सरकण्याशी जुळलं तर संशय फीडवर. पट्टा फिकट असेल तर विनाइल जास्त सरकतंय, गडद असेल तर कमी सरकतंय आणि रंगावर रंग चढतोय. अंतर बरंच मोठं आलं तर रोलरचा व्यास मोजा. ३० मिलिमीटर व्यासाच्या रोलरचा घेर सुमारे ९४ मिलिमीटर. पट्टे तेवढ्याच अंतरानं येत असतील तर रोलरवर कचरा चिकटलाय किंवा रोलर वेडावाकडा फिरतोय.

आणखी एक प्रकार आहे. रेघ दिसत नाही, पण छटा आलटून पालटून बदलते, दोन्ही कडांना जास्त आणि मध्यभागी कमी. हेड जाताना आणि येताना दोन्ही वेळा छापतं, तेव्हा रंग पडण्याचा क्रम उलटतो. कडेला शाईला सुकायला एकदा फार कमी, एकदा जास्त वेळ मिळतो. तो तुकडा एकाच दिशेनं छापून बघा. फरक गेला तर कारण सापडलं. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, पण चाचणीपुरता तो परवडतो.

आता पद्धतीकडे. त्या दुकानात पास वाढवले, उष्णता बदलली, वेग कमी केला, सगळं एकदम. पट्टे जरा कमी झाले, पण कशामुळे ते कुणालाच कळलं नाही. आपले नैयायिक अन्वय आणि व्यतिरेक असं दोन्ही मागतात. कारण असताना कार्य व्हायला हवं, आणि कारण काढलं की कार्य थांबायला हवं. जॉन स्टुअर्ट मिलनं १८४३च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात हाच आग्रह धरला. साध्या भाषेत, एका वेळी एकच गोष्ट बदला.

आम्ही तसंच केलं. नोझल चेक अखंड. छपाईनंतरही अखंड. दहा अंतरं मोजली, साधारण ६३ मिलिमीटर. पट्टे फिकट. म्हणजे विनाइल जास्त सरकत होतं. मी विचारलं, “रोल कधी बदललास?” तो म्हणाला, “त्याच आठवड्यात, सर. स्वस्त पडला. थोडा जाड आहे.” फीडचा आकडा मात्र जुन्या रोलचाच राहिला होता. जाड माल त्याच रोलरवरून दर वेळी किंचित जास्त पुढे जातो.

मग जुना रोल चढवला आणि त्या मुलालाच छापायला सांगितलं. पट्टे नाहीत. नवा रोल चढवला आणि मालकाला स्वतः छापायला लावलं. पट्टे हजर! शेवटी हीटर पूर्ण तापू दिले, पुढचा गुंडाळणारा रोलर चालू ठेवला आणि नव्या रोलसाठी फीड पुन्हा जुळवलं. ही जुळणी थंड मशीनवर करू नये, कारण तापलेलं विनाइल मऊ पडतं, ताणलं जातं. एकच आकडा बदलला आणि निळा रंग सपाट आला.

न्यायशास्त्रात एक प्रसिद्ध दृष्टान्त आहे. मडक्याची माती गाढवाच्या पाठीवरून आली. गाढव मडक्याच्या आधी तिथे होतं, हे खरं. तरी ते मडक्याचं कारण नव्हे. त्याला अन्यथासिद्ध म्हणतात. तो मुलगा आणि तो रोल एकाच आठवड्यात दुकानात आले. रोल आणायचा निर्णय मालकाचा, आणि पगार कापला जाणार होता मुलाचा. कारण शोधताना आपली नजर आधी सर्वांत दुबळ्या माणसाकडे वळते, हा दोष कुठल्याही क्लीनिंगनं जात नाही. त्यावर उपाय एकच, मोजणं आणि लिहून ठेवणं.

आता त्या मशीनशेजारी एक वही टांगलेली आहे. तारीख, रोल, फीडचा आकडा, उष्णता, पास. मुलगा तिथेच कामाला आहे. रोल बदलला की वहीत पहिली नोंद तोच करतो, आणि खाली सही मालक करतो.