पालकाचा दबदबा, तांदुळज्याची उपेक्षा

पाषाणकडून खिंड ओलांडली की सूस लागते. मुळशी तालुक्यातले हे गाव ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत गेले. शेतांच्या जागी गृहसंकुले उभी राहिली आणि त्यांच्याबरोबर भाजीची प्रतवारीही बदलली. तांदुळजा गरिबाघरची भाजी ठरला, कुरडू तण म्हणून उपटला जाऊ लागला आणि पालक ‘पौष्टिक’ म्हणून ताटात मानाने बसला. शेवग्याचा पाला झाडावरच वाळून जातो, त्याचीच पूड मात्र शहरी दुकानांत महागड्या डबीतून विकली जाते. नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागात हाच कुरडू ‘शोको’ नावाने आणि माठ-तांदुळज्याचे भाऊबंद ‘तेते’ नावाने मुद्दाम वाफ्यांत लावतात आणि बाजारात मांडतात. त्याच देशाच्या उत्तरेकडच्या हाउसा लोकांच्या जेवणात शेवग्याचा पालाही असतो. म्हणजे पाने तीच, फरक पडतो तो प्रतिष्ठेत. पण पालेभाजीचा गुण प्रतिष्ठेवर ठरत नाही. तो पानात काय आहे, त्यातले अंगी किती लागते आणि ते पान कुठे वाढले यावर ठरतो. बहुतेक गैरसमज या तीन गोष्टींची गल्लत केल्याने होतात.

सर्वांत रुजलेला गैरसमज म्हणजे पालकाइतके लोह कशातच नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांची कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांत १०० ग्रॅम कच्च्या पालकात सुमारे ३ मिलिग्रॅम लोह दिसते. हिरव्या माठात आणि शेवग्याच्या पाल्यात ते साडेचारच्या पुढे आहे आणि मेथीत साडेपाचच्या वर. कॅल्शियममध्ये तर पालक फारच मागे पडतो. त्यात जेमतेम ८० मिलिग्रॅम असते, तर माठ आणि शेवग्याच्या पाल्यात ३०० हून अधिक. शिवाय पालकातले ऑक्झलेट हे कॅल्शियम बांधून ठेवते. दुधातले साधारण २८ टक्के कॅल्शियम शरीरात शोषले जाते, पालकातले पाचच टक्के. पालकाची लोहाबाबतची कीर्ती दशांश चिन्हाच्या चुकीमुळे पसरली, असे मोठ्या खात्रीने सांगितले जाते. मात्र त्यालाही भक्कम पुरावा सापडलेला नाही. गैरसमज खोडण्यासाठी दुसरा गैरसमज हाताशी धरायची गरज नाही, आकडे पुरेसे बोलके आहेत. पालक वाईट नाही. त्यात फोलेट आणि बीटा-कॅरोटिन भरपूर आहे. पण त्याला पहिल्या नंबरावर बसवून तांदुळज्याला दारातून परत पाठवणे हा तोट्याचा सौदा आहे.

यावरून उलट टोकाची समजूत तयार होते, की रोज पालेभाजी खाल्ली की रक्त वाढते, गोळ्या कशाला? इथे हिशेबच मांडावा लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते. शंभर ग्रॅम माठातून त्याचा जेमतेम सहावा हिस्सा मिळतो. गरोदरपणात सरकारी कार्यक्रमातून रोज दिल्या जाणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. तेवढे माठातून मिळवायचे तर सव्वा किलोहून अधिक भाजी खावी लागेल, आणि वनस्पतींमधले लोह तसेही कमीच शोषले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. एवढा मोठा प्रश्न एका जुडीने सुटणार नाही. शिवाय रक्तक्षयाचे एक कारण बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता हेही असते आणि ते पालेभाजीत नसतेच.

मग शोषण एवढे कमी असेल तर भाजी खावीच कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. याचे उत्तर ताटातल्या बाकीच्या पदार्थांत आहे. लिंबू पिळले, जेवणात पेरू किंवा आवळा असला, की क जीवनसत्त्वामुळे वनस्पतीतले लोह जास्त शोषले जाते. सुकटासारखी मासळी भाजीत पडली तरी तेच होते, आणि नायजेरियातल्या पालेभाजीच्या रश्शात सुकी मासळी असतेच. लोखंडी कढईतूनही थोडे लोह उतरते. उलट जेवणासोबतचा चहा शोषणात आडवा येतो, म्हणून त्यात तासाभराचे अंतर हवे. बीटा-कॅरोटिनला तेलाची सोबत लागते, त्यामुळे लसणाची फोडणी आणि दाण्याचे कूट हे केवळ चवीचे लाड ठरत नाहीत. वाफेवर शिजवून तेलाचा थेंबही न घातलेली भाजी दिसायला पथ्याची असली, तरी या बाबतीत ती मागेच राहते. लोहाखेरीज तंतू, फोलेट, पोटॅशियम आणि के जीवनसत्त्व मिळते ते वेगळेच. राष्ट्रीय पोषण संस्था रोज सुमारे १०० ग्रॅम पालेभाजी सुचवते, ती या सगळ्याचा विचार करून.

तिसरा गैरसमज रानभाज्यांविषयीचा आहे: रानातले ते सगळे शुद्ध आणि औषधी. पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरतात आणि त्यातून विसरलेल्या भाज्या पुन्हा ओळखीच्या होतात, हे चांगलेच आहे. पण तिथल्या गुणवर्णनात मधुमेहापासून मूतखड्यापर्यंत सगळेच बरे व्हायला लागले की सावध व्हावे. टाकळा किंवा कुरडू ही उत्तम भाजी आहे, इन्सुलिनची जागा मात्र ती घेऊ शकत नाही. ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक असेही नाही. अळू घशात खाजते ते कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. म्हणूनच जुन्या हातांनी ते चिंच घालून नीट शिजवले. पावसाळ्यात सह्याद्रीत देखणी फुले मिरवणाऱ्या कळलावीचा कंद जीवघेणा विषारी असतो. ओळख पक्की नसेल तर पान तोडू नये, आणि ती ओळख फोनवरच्या चित्रापेक्षा आयुष्यभर ती भाजी खुडणाऱ्या बाईकडून घ्यावी.

शुद्धतेचा खरा प्रश्न जमीन-पाण्याचा आहे. भुकूमजवळ खाटपेवाडीला उगम पावणारी रामनदी भूगाव, बावधन, पाषाण अशी वाहत मुळेला मिळते आणि वाटेत तिच्यात सांडपाणी मिसळते. अशा पाण्यावर किंवा नाल्याकाठी वाढलेल्या पानांत शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू साठू शकतात. बाहेरचा चिखल, जंतांची अंडी धुण्या-शिजवण्याने जातात. पेशींत शिरलेला धातू जात नाही. ‘पावसाळ्यात पालेभाजी खाऊ नये’ या समजुतीतला सत्यांश एवढाच, की चिखलात लोळलेली भाजी नीट न धुता खाणे धोक्याचे. भाजी सोडणे हा त्यावरचा उपाय नाही, कारण कुरडू-टाकळ्याचा हंगामच मुळी पावसाळा आहे.

सर्वांनाच सगळी पाने चालतात असेही नाही. ऑक्झलेटचे खडे होणाऱ्यांनी पालक बेताने, उकळून पाणी टाकून खावा आणि कच्च्या पालकाच्या रसाचे पेले टाळावेत. मेथीवर सहसा ती बंदी नसते. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी के जीवनसत्त्वामुळे पालेभाजी एकाएकी बंद करू नये वा वाढवू नये, प्रमाण सारखे ठेवावे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पोटॅशियमबद्दल डॉक्टरांना विचारावे. बाकी निरोगी घरांनी आठवड्याला एकच पालक आणण्याऐवजी तांदुळजा, माठ, मेथी, शेवगा, अंबाडी आलटून पालटून आणाव्यात, फोडणीला तेल आणि ताटात लिंबू ठेवावे, आणि जुडी घेताना भावाच्या आधी ती कुठल्या पाण्यावर पिकली हे विचारावे.