पट छत्तीस, पण चूक कुठे?

मी बनारसहून बोलतोय, दूधविनायकातून. आमच्या या मोहल्ल्यात मराठी घरं पिढ्यान् पिढ्या आहेत, पण गोल्फचा विषय इथे क्वचितच निघतो. माझा धाकटा भाऊ बरेकात, म्हणजे रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात आहे. तिथल्या वसाहतीत गोल्फचं मैदान आहे आणि पुतण्याला त्या खेळाचं वेड लागलं. आज बोलायचंय ते त्याच्या वहीबद्दल.

गोल्फ न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. 18 होल असतात. प्रत्येक होलमध्ये कमीत कमी फटक्यांत चेंडू घालायचा. होलभोवती बारीक कापलेली हिरवळ असते, ती ग्रीन. तिच्यावर चेंडू हलकेच ढकलायचा, तो पट.

पुतण्याच्या कार्डावर दर फेरीला 36-37 पट दिसायचे. अमेरिकेतल्या पीजीए टूरवरच्या खेळाडूंना 29च्या आसपास लागतात. मी गणिताचा मास्तर, लगेच वजाबाकी केली: सात-आठ फटके इथेच जातायत! मग काय, वाड्याच्या ओसरीत सतरंजी अंथरली आणि दर रविवारी त्याला पटिंगला बसवलं. (बसवलं कसलं, वाकवलं.) सहा महिने झाले तरी आकडा हलेना. शेवटी म्हणाला, "काका, मला नाही जमत. सोडून देतो." मी त्याच्यावरच रागावलो.

चूक माझ्या वजाबाकीत होती. पट मोजताना तो किती लांबून मारला, हे मी विचारलंच नव्हतं.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया बिझनेस स्कूलमधले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी नेमका हाच प्रश्न धरला. पीजीए टूरवर प्रत्येक फटक्याची जागा मोजून ठेवतात. त्या नोंदींवरून कुठल्या जागेपासून होलपर्यंत सरासरी किती फटके लागतात, हे काढता येतं. 8 फुटांवरून दीड, म्हणजे निम्म्या वेळा चेंडू एका पटात जातो. 33 फुटांवरून दोन. (आमच्या गल्लीत 33 फूट सरळ जागा मिळणंही कठीण.) आता बघा, 8 फुटांवरून दोन पट लागले तर अर्धा फटका गमावला. 33 फुटांवरून दोन लागले तर काहीच गमावलं नाही. कार्डावर मात्र दोन्हीकडे 2च लिहिलं जातं.

हाच हिशेब लांबच्या फटक्यालाही लावता येतो. 160 यार्डांवर, चांगल्या गवतावर चेंडू असेल तर सरासरी जवळजवळ तीन. तिथून मारलेला चेंडू 8 फुटांवर थांबला, तर तीनातून उरलेले दीड आणि खर्चलेला एक वजा करा: अर्धा फटका कमावला. तोच 20 यार्डांवरच्या वाळूच्या खड्ड्यात गेला, तर तिथून साधारण अडीच लागतात, म्हणजे अर्धा गमावला. याला स्ट्रोक्स गेन्ड म्हणतात. टूरने पटिंगसाठी हा आकडा 2011पासून वापरायला घेतला. टूरवरच्या सर्वोत्तम खेळाडूंची आघाडी येते कुठून, हे ब्रॉडींनी पाहिलं, तर पटिंगचा वाटा साधारण 15 टक्के निघाला आणि ग्रीनकडे मारलेल्या लांब फटक्यांचा 40.

म्हणजे पटिंग बिनमहत्त्वाचं, असं मात्र नाही. टोकियो ऑलिंपिक आठवा. 2021च्या ऑगस्टमध्ये आपली अदिती अशोक चौथी आली, कांस्यपदक एका फटक्याने हुकलं. टीवरून तिचा चेंडू इतरांपेक्षा बराच मागे पडत होता, तरी ती तिथवर पोचली ती पटिंगच्या जोरावर. पुढे तिने मेहनत घेतली ती अंतर वाढवण्यावर. प्रत्येकाची गळती वेगळ्या ठिकाणी असते, ती आपल्याच नोंदींत शोधावी लागते.

तेव्हा पुतण्याला वही दिली. प्रत्येक फटक्याआधी दोनच गोष्टी लिहायच्या: होल किती लांब आणि चेंडू कशावर. ग्रीनवर अंतर पावलांनी मोजायचं. पाच फेऱ्या झाल्यावर आम्ही दोघं हिशेबाला बसलो. पाच फेऱ्या कमीच आहेत, त्यातून बारीकसारीक निष्कर्ष काढू नयेत. मापही टूरचं, त्यामुळे सगळीकडे तोटाच दिसणार. पाहायचं ते कुठला तोटा सगळ्यात मोठा.

त्याचा पहिला पट बहुतेक वेळा 35-40 फुटांवरून होता. तिथून दोन, कधी तीन. पटिंगमध्ये तो फेरीला दोनेक फटके गमावत होता. 120 ते 170 यार्डांच्या टप्प्यात मात्र सहाहून जास्त. चेंडू ग्रीनच्या अलीकडेच पडायचे, कारण प्रत्येक काठीने आपला चेंडू खरोखर किती जातो, हे त्याने कधी मोजलंच नव्हतं. सर्वात चांगला बसलेला एखादा फटका धरून तो काठी निवडायचा.

मी त्याला सॉरी म्हटलं. तो हसला आणि सतरंजी गुंडाळून आत ठेवून आला.

आता रविवारी तो ओसरीत येत नाही, मैदानावर एकेका काठीने वीस-वीस चेंडू मारून सरासरी लिहितो. परवा फोन आला, "काका, माझी सात नंबर 150 नाही जात, 138च जाते."