इटालियन आजीला कोणी शिकवलं?

इटालियन घरगुती स्वयंपाकाचा विषय निघाला की आजी येतेच. ही ‘नोन्ना’ सॉसच्या बाटलीवर हसत असते, हॉटेलच्या पाटीवर असते, आणि प्रत्येक पाककृती तिच्या पणजीपासून चालत आलेली असते. जरा खोलात गेलं की हा वारसा दिसतो तेवढा सरळ वाटत नाही.

१८८० ते १९२० या काळात ४० लाखांहून जास्त इटालियन अमेरिकेत गेले. त्यांतले बहुतेक दक्षिणेकडचे, गरीब शेतकरी आणि मजूर. गावाकडे त्यांच्या ताटात जाडाभरडा पाव, कडधान्य, कांदा, रानातला पाला. मांस सणासुदीला. चांगला सुका पास्ता आणि ऑलिव्ह तेल दुकानात दिसायचं. रोज खायची ऐपत नव्हती. अमेरिकेत मजुरी बरी मिळाली, मांस स्वस्त होतं, आणि गावात जे जमीनदाराच्या घरी शिजायचं ते यांच्या चुलीवर शिजू लागलं. म्हणजे ‘आमच्या गावचं जेवण’ म्हणून पुढच्या पिढीला जे मिळालं, त्यातलं बरंचसं गावात फक्त वासाने ओळखीचं होतं!

रविवारचा टोमॅटोचा रस्सा घ्या. डुकराच्या बरगड्या, सॉसेज आणि ‘ब्राचोले’, म्हणजे थापून पातळ केलेल्या मांसात लसूण, पार्सली, चीज भरून दोऱ्याने बांधलेल्या गुंडाळ्या, हे सगळं टोमॅटोत तासन्‌तास मंद आचेवर ठेवायचं. याचं मूळ नेपल्सच्या ‘रागू’त आहे. तिथे आधी रश्शात कालवलेला पास्ता वाढतात, मांस मागून, वेगळ्या ताटलीत. स्पगेटीवर मोठाले मांसाचे गोळे ही अमेरिकेतली सुबत्ता. एदुआर्दो दे फिलिप्पो यांच्या १९५९च्या ‘शनिवार, रविवार आणि सोमवार’ या नाटकाची सुरुवातच शनिवारी रागू चढवण्यापासून होते. घरधन्याने सुनेच्या हातच्या मॅकरोनीचं कौतुक केलेलं असतं आणि ते बायकोच्या मनाला लागलेलं असतं. आपल्याकडे हे नाटक वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

उत्तरेकडचा वारसा तर चक्क छापील आहे. पेल्लेग्रिनो आर्तुसी हे फोर्लिम्पोपोलीचे रेशीम-व्यापारी. १८५१मध्ये गावावर दरोडा पडला, त्यानंतर त्यांचं कुटुंब फ्लॉरेन्सला आलं. आयुष्यभर अविवाहित राहिलेल्या या गृहस्थाने सत्तरी गाठल्यावर, १८९१ साली, पदरमोड करून स्वयंपाकावरचं पुस्तक छापलं. प्रती १०००, पाककृती ४७५. पुढे घरोघरच्या बायका पत्रांतून आपापल्या कृती कळवू लागल्या, आर्तुसींच्या स्वयंपाकघरात त्या करून बघितल्या जाऊ लागल्या, आणि आकडा ७९०वर गेला. पुस्तकात दक्षिणेला जागा फारच थोडी, ही त्याची उणीवच. तरी आपल्याकडे ‘रुचिरा’ जशी लग्न झालेल्या मुलीबरोबर सासरी गेली, तसं हे पुस्तक इटलीत घरोघरी गेलं. प्रत्यक्षात ओट्याशी उभे राहायचे ते त्यांच्या घरी कामाला असलेले मारिएत्ता साबातिनी आणि फ्रान्चेस्को रुफिल्ली. आर्तुसींनी मृत्युपत्रात पुस्तकाचे हक्क या दोघांना दिले. स्वयंपाक करणाऱ्याला मानधन मिळाल्याची उदाहरणं इतकी कमी आहेत की हे आवर्जून नोंदवावंसं वाटतं.

आणि अमेरिकेला इटालियन स्वयंपाक शिकवणाऱ्या लेखिका मार्चेल्ला हझान? जन्म १९२४, गाव चेझेनातिको, डॉक्टरेट विज्ञानातली. १९५५मध्ये लग्न करून न्यू यॉर्कला आल्या तेव्हा त्यांना स्वयंपाक येत नव्हता. आदा बोनी यांचं इटालियन स्वयंपाकाचं पुस्तक उघडून त्या शिकल्या. आईच्या घरच्या चवी जिभेवर होत्याच, पुस्तकाने त्या हातात आणल्या. १९७३मध्ये त्यांचं पहिलं पुस्तक आलं. त्या इटालियनमध्ये लिहायच्या, त्याचं इंग्रजी भाषांतर त्यांचा नवरा व्हिक्टर करायचा. आज अमेरिकेतली कित्येक घरं ‘आमच्या घरचा सॉस’ म्हणून हझानबाईंचाच सॉस करतात.

तो सॉस म्हणजे साधारण ८०० ग्रॅम टोमॅटो, ५ मोठे चमचे लोणी, सोलून दोन फोडी केलेला एक कांदा आणि मीठ. लसूण नाही, तुळशीची पानं नाहीत, परतणं नाही. सगळं एकदम पातेल्यात घालून झाकण न ठेवता मंद आचेवर पाऊण तास, अधूनमधून टोमॅटो चमच्याने दाबत. लोणी बाजूला सुटून तरंगू लागलं की झालं. कांदा काढून टाका, असं त्या सांगतात. मला तो पावाबरोबर खायला आवडतो. आपल्या बाजारातले टोमॅटो आंबट आणि पाणचट असतात, तेव्हा लांबट, गरदार जात निवडावी, साल काढावी आणि पाऊण तासावर आणखी वीसेक मिनिटं द्यावीत.