'दोनच मिनिटं, आई!' : स्केटबोर्डिंगचा व्हिडिओ गेम सुटता सुटत का नाही?

जेवायला हाक मारली की आतल्या खोलीतून उत्तर येते, "दोनच मिनिटं!" अर्ध्या तासाने पुन्हा हाक मारली तरी उत्तर तेच. अशा वेळी मूल आपल्याला फसवते आहे असे पालकांना वाटते. पण स्केटबोर्डिंगच्या गेमच्या बाबतीत ते बहुधा खरेच बोलत असते, कारण या गेमचा एक डाव दोनच मिनिटांचा असतो. या दोन मिनिटांत असे काय आहे, ही आवड केव्हा निरोगी असते आणि केव्हा काळजी करावी, ते आपण समजून घेऊ.

गेम नेमका कसा असतो?

या प्रकारातला सर्वांत गाजलेला गेम म्हणजे 'टोनी हॉक्स प्रो स्केटर'. तो १९९९ मध्ये प्लेस्टेशनवर आला. त्याच्या पहिल्या दोन भागांची नवी आवृत्ती २०२० मध्ये, तर तिसऱ्या-चौथ्या भागाची २०२५ मध्ये आली. त्यामुळे काही घरांत वडील जे खेळले, तेच आज मूल खेळते.

खेळाडूला एखादे गोदाम, शाळा किंवा स्केटपार्क मिळतो आणि घड्याळ सुरू होते. दोन मिनिटांत ठरावीक गुण मिळवायचे, विखुरलेली अक्षरे गोळा करायची, लपवलेली वस्तू शोधायची. उड्या, गिरक्या, कठड्यावरून घसरणे अशा करामती न थांबता जोडत गेल्यास 'कॉम्बो' तयार होतो. करामतींच्या गुणांची बेरीज होते आणि जितक्या करामती जोडल्या, तितक्या पटींनी ती वाढते. मात्र शेवटी तोल गेला, तर त्या कॉम्बोचा एकही गुण मिळत नाही.

मेंदूला यात काय आवडते?

- ध्येय जवळ असते. अभ्यासाचे फळ परीक्षेनंतर दिसते, इथे दोन मिनिटांत. काय करायचे आणि ते जमले की नाही, हे दोन्ही लगेच कळते.
- चूक स्वस्त असते. पडलेला खेळाडू क्षणात उठतो. डाव फसला तर लगेच नवा सुरू करता येतो. कोणी रागावत नाही, कोणी हसत नाही. शाळेत चुकायला घाबरणाऱ्या मुलाला हा मोठा दिलासा वाटू शकतो.
- थोडक्यात हुकते. मोठा कॉम्बो शेवटच्या क्षणी मोडला, की 'आत्ता जमलंच होतं' असे वाटते. अशी हुकलेली संधी मेंदूला पूर्ण अपयशासारखी वाटत नाही; उलट पुन्हा प्रयत्न करायला लावते.
- कौशल्य खरेच वाढते. कालपर्यंत अशक्य वाटणारी करामत आज बोटांना जमते. आव्हान आणि कौशल्य यांची अशी जोडी जमली, की वेळेचे भान हरपते. चित्र काढताना किंवा तबला वाजवतानाही हीच तल्लीनता येते.

मग डोपामिनचे काय?

डोपामिन हे मेंदूतील एक रसायन आहे. बक्षीस मिळाल्यावर, आणि विशेषतः ते मिळेल की नाही याची खात्री नसताना, ते काम करते. व्हिडिओ गेम खेळताना मेंदूत डोपामिन स्रवते, हे १९९८ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले होते. पण यावरून 'गेम म्हणजे नशा' असा निष्कर्ष काढू नका. आवडीचे जेवण आणि मित्रांची भेट यांमुळेही हीच यंत्रणा जागी होते.

खरी अडचण गेमच्या रचनेत आहे. एक डाव इतका छोटा, की 'अजून एक' कधीच महाग वाटत नाही. पण असे तीस डाव झाले, की तास गेलेला असतो.

आवड की विकार?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' या विकाराचा समावेश आहे. हे वर्गीकरण २०२२ पासून लागू झाले. त्यात तीन गोष्टी पाहिल्या जातात:

- कधी, किती वेळ खेळायचे यावर ताबा राहत नाही.
- अभ्यास, झोप, मित्र, इतर छंद यांपेक्षा गेमला वाढते प्राधान्य मिळते.
- नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहते किंवा वाढते.

हे साधारणपणे १२ महिने दिसावे लागते आणि त्यामुळे रोजच्या जीवनावर ठळक परिणाम झालेला असावा लागतो. लक्षणे तीव्र असतील तर निदान लवकरही होते. खेळणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हा विकार असतो. फक्त तास मोजून तो ठरत नाही.

घरी काय करता येईल?

- डाव मोजून ठरवा. 'सात वाजता बंद' यापेक्षा 'आता पाच डाव' हे मुलाला पाळायला सोपे जाते. पाच डाव, मधले थांबे धरून, साधारण पंधरा मिनिटांत होतात.
- कॉम्बोच्या मध्ये स्विच बंद करू नका. गेम थांबवता येतो, पण लय तुटते आणि जमवलेले हातातून जाते. मूल चिडते ते यामुळेही. डाव संपेपर्यंत शेजारी उभे राहा. दोनच मिनिटांचा प्रश्न असतो.
- थांबणे जमले तर तसे सांगा. ठरल्याप्रमाणे कंट्रोलर खाली ठेवला, हेही कौतुकाचे कारण आहे.
- झोप आधी. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, तर १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. रात्री कन्सोल झोपायच्या खोलीबाहेर ठेवा.
- एकदा स्वतः खेळून पाहा. मूल तुम्हाला शिकवील, आणि नंतर वेळेबद्दल बोलणे सोपे जाईल.

मुलाने खरा स्केटबोर्ड मागितला तर?

आनंदाची गोष्ट आहे. मूल घराबाहेर पडेल. फक्त एक फरक समजावून सांगा. गेममध्ये पडण्याची किंमत काही गुण असते, इथे हाड मोडू शकते. पडताना आपण नकळत हात टेकतो, म्हणून मनगटाला इजा होण्याचे प्रमाण मोठे असते. घट्ट बसणारे हेल्मेट, मनगट-कोपर-गुडघ्यांचे पॅड हवेतच. जागा सपाट आणि वाहनांपासून दूर असावी. पाच वर्षांखालील मुलांना स्केटबोर्ड देऊ नये आणि दहा वर्षांपर्यंत मोठे माणूस सोबत असावे.

डोक्याला मार लागून उलटी, गुंगी, बेशुद्धी किंवा वाढती डोकेदुखी झाली, तर ताबडतोब रुग्णालयात न्या.

डॉक्टरांना कधी भेटावे?

शाळा बुडते, झोप-जेवणाची घडी विस्कटते, मित्र तुटतात, गेम थांबवला की मारहाण किंवा तोडफोड होते, किंवा मूल उदास राहते आणि फक्त गेममध्येच रमते, असे असेल तर बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. कधी मूळ दुखणे गेम नसते. नैराश्य, चिंता, एकाग्रतेची अडचण किंवा शाळेतला छळ हे त्यामागे असू शकते. सरकारच्या 'टेली मानस' या १४४१६ क्रमांकाच्या मोफत हेल्पलाइनवरही बोलता येते. मूल स्वतःला इजा करण्याबद्दल बोलत असेल, तर एक दिवसही थांबू नका.

तज्ज्ञांकडे जाताना कन्सोल जप्त करून शिक्षा म्हणून मुलाला नेऊ नका. गेममध्ये त्याला काय मिळते आणि बाहेर काय मिळत नाही, हा प्रश्न आधी त्यालाच विचारा. उपचाराची दिशा अनेकदा त्या उत्तरातच सापडते.