निवासी विद्यापीठाच्या उंबरठ्यावर

‘विद्यापीठ’ म्हटले की आमच्या बारावीच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा परीक्षा घेणारी आणि पदवी देणारी एक कचेरी उभी राहते. महाराष्ट्रातील बहुतेक महाविद्यालये अशा विद्यापीठांशी संलग्न असल्यामुळे ही समजूत स्वाभाविक आहे. परंतु वर्ग, ग्रंथालय, वसतिगृहे आणि प्राध्यापकांची घरे एकाच आवारात असणारी विद्यापीठेही देशात आहेत. त्यांची ओळख व्हावी म्हणून आम्ही येथे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे उदाहरण घेत आहोत.

१९६९ साली सुरू झालेले हे केंद्रीय विद्यापीठ अरवलीच्या खडकाळ, झाडीने भरलेल्या टेकड्यांवर सुमारे एक हजार एकरांत पसरले आहे. येथील वसतिगृहांना नद्यांची नावे आहेत. त्यांत गोदावरी आणि कोयनाही आहेत, हे वाचून आपल्या विद्यार्थ्यांना परकेपणा थोडा कमी वाटेल. आवाराच्या मध्यभागी नऊ मजली ग्रंथालय असून त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव दिलेले आहे.

येथे पदव्युत्तर शिक्षण व संशोधन यांवर भर असला, तरी बारावीनंतर जर्मन, जपानी, चिनी, फारसी अशा परकीय भाषांच्या पदवी अभ्यासक्रमांस प्रवेश घेता येतो. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सामाईक प्रवेश परीक्षा असून पदवी प्रवेशाच्या परीक्षेसाठी मराठी माध्यमही निवडता येते. प्रवेशानंतर मात्र वाचन आणि लेखन मुख्यतः इंग्रजीत करावे लागते. त्यासाठी साहाय्य करणारा भाषा-कक्ष विद्यापीठात आहे. त्याकडे जाण्यात कोणताही कमीपणा नाही.

कागदपत्रांविषयी आम्ही विशेष आग्रहाने सांगतो. अनुसूचित जातींतील बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० पासून लागू आहेत. परंतु जातीचा दाखला केंद्र शासनाच्या विहित नमुन्यात असावा लागतो. राज्यातील शिष्यवृत्तीसाठी काढलेला दाखला तेथे चालेलच, असे गृहीत धरू नये. गुणवत्ता असूनही एका कागदापायी जागा हातची जाणे, यासारखे दुःख नाही. म्हणून बारावीच्या वर्षातच हा दाखला काढून ठेवावा. वसतिगृहाची खोली पहिल्याच दिवशी मिळेल असेही नाही. काही काळ राहण्याची तजवीज आधीच करावी.

आता मुख्य गोष्ट. खोली वाटून घेणे, जेवणाच्या रांगेत उभे राहणे, घरापासून दूर सण साजरे करणे हे सारे निवासी शाळेतील मुलांच्या अंगवळणी पडलेले असते. शहरातील सुखवस्तू घरातून आलेल्या मुलास जे प्रथमच शिकावे लागते, ते आपल्या मुलांना आधीच येते. नवे असते ते घंटेचे नसणे. पहाटे उठवणारे, अभ्यासिकेत हजेरी घेणारे, दिवे मालवावयास सांगणारे तेथे कोणी नसते. प्राध्यापक वाचनाची यादी देतात. निबंध लिहून, चर्चासत्रात उभे राहून आपले मत मांडावे लागते. पाठांतर तेथे फारसे उपयोगी पडत नाही. स्वतःहून ग्रंथालयाची पायरी चढणाऱ्यास ते आवार सर्व काही देते. न चढणाऱ्यास कोणी हटकतही नाही.

म्हणूनच या शाळेतील उरलेल्या वर्षांत विद्यार्थ्यांनी दिवसातून एक तास घंटेविना, स्वतःच्या मनाने अभ्यास करावा, अशी आमची सूचना आहे. निवासी विद्यापीठाची खरी पूर्वतयारी तीच होय.