साप चावला तर आधी दवाखाना

पावसाळ्यात वालधुनी आणि उल्हास नदीचे पाणी चढले की बिळे भरतात आणि साप कोरड्या जागेच्या शोधात घरात येतात. अंबरनाथ-बदलापूरच्या डोंगराकडच्या वस्त्यांत जमिनीवर झोपणाऱ्यांना धोका जास्त.

आम्ही नर्सची नोकरी करत होतो तेव्हाची गोष्ट. पहाटे एका बारा वर्षांच्या मुलाला आणले. रात्री पोटात दुखू लागले, मग पापण्या मिटू लागल्या, बोलणे जड झाले. अंगावर जखम दिसेना, म्हणून घरच्यांना बाहेरची बाधा वाटली. भगताकडे तीन तास गेले. तो मण्यारीचा दंश होता. मण्यार बहुधा रात्री चावते, फारसे दुखत नाही, खूणही दिसत नाही. विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. पोर वाचले नाही. त्या घरात बाबासाहेबांचा फोटो होता, हे आम्ही विसरलो नाही.

मग भगताकडे काही माणसे बरी कशी होतात? कारण बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. ही माणसे तशीही वाचलीच असती. नाव मात्र मंत्राचे होते.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकच लस चालते. ती दवाखान्यातच मिळते.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या खुनानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे.

परित्राण पाठाने मनाला धीर येतो, तो जरूर घ्या. पण त्याच्या दोऱ्याने विष उतरत नाही. दोऱ्याचा गंडा केला, तर १९५६ साली आपण काय सोडले?

साप चावला तर:
- माणसाला धीर द्या, चालवू नका.
- चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा. अंगठी, बांगड्या, जोडवी काढा.
- कापू नका, चोखू नका, आवळून दोरी बांधू नका.
- साप पकडत बसू नका. १०८ला फोन करा. गाडीला वेळ लागत असेल तर मिळेल त्या रिक्षाने सरकारी रुग्णालय गाठा.

झोपताना मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. आणि हे पान शेजारच्या आजींना वाचून दाखवा. भगताकडे जायचे की दवाखान्यात, हे बहुतेक घरांत त्याच ठरवतात.