वेस, नाका, ले-आउट

वाशीमच्या स्टँडबाहेर ऑटोत बसलं की पहिला प्रश्न ठरलेला, “कुठी रायता भाऊ?” विचारायचं ते भाड्यासाठी. पण उत्तर ऐकता ऐकता समोरच्यानं आणखी बरंच काही मोजलेलं असतं. मी एकदा ‘आययूडीपी कॉलनी’ म्हटलं, तर लगेच पुढचा प्रश्न आला, “मंग नोकरी कुठी हाय?” तेच ‘शुक्रवार पेठ’ म्हटलं असतं, तर त्यानं बहुधा आडनाव विचारलं असतं.

त्या दिवसापासून मला गावातल्या पाट्या वाचायचा नाद लागला. जेमतेम पाऊण लाख वस्तीचं हे शहर (२०११च्या जनगणनेत ७८ हजारांच्या आसपास), पण माणसं शेजारी-शेजारी का राहतात, याची किती वेगवेगळी उत्तरं इथं एकावर एक रचलेली आहेत!

जुन्या गावात वेशी आहेत, म्हणजे निदान नावापुरत्या तरी आहेत. माहूरवेस, काटीवेस. वेशीला नाव द्यायचं ते रस्ता जिकडे जातो त्या गावाचं, ही आपल्याकडची जुनी रीत. याच जिल्ह्यातल्या कारंज्यात तर दिल्ली वेस आहे! गाव वाढलं, वेशीबाहेर पसरलं आणि नवीन टोकांना लोक नाके म्हणू लागले : अकोला नाका, हिंगोली नाका, पुसद नाका. जकात केव्हाच गेली, नाका मात्र जागचा हलला नाही. आता गंमत बघा. माहूरला जायचं तर आजही पुसदवरूनच जावं लागतं. म्हणजे माहूरवेस आणि पुसद नाका ही दोन्ही नावं एकाच दिशेला तोंड करून उभी आहेत. एकानं प्रवासाच्या शेवटची रेणुकामाता लक्षात ठेवली, दुसऱ्यानं मधला एसटीचा थांबा.

वेशीच्या आत माणसं लागली ती जातीनं आणि धंद्यानं. बागवानपुरा म्हटलं की फळं-भाजी पिकवणारे नि विकणारे. ‘पुरा’ हा शब्द सगळ्या वऱ्हाडात असाच चालतो; पत्ता, पोटापाण्याचा उद्योग आणि सोयरिकीची हद्द एकाच शब्दात. त्यात ऊब होती आणि कुंपणही होतं. कोणाच्या ओट्यावर कोणी बसायचं नि कोणी खालीच उभं राहायचं, हे कुठं लिहिलेलं नसे, पण पोरासोरालाही पाठ असे. जुन्या ओट्यांच्या आठवणीनं गहिवरणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

या वर्गवारीचा फार जुना कागदही वाशीमलाच मिळाला आहे. कागद कसला, तांब्याचे पत्रे. १९३९ साली सापडलेला हा ताम्रपट वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा, इसवी सनाच्या चौथ्या शतकातला. वाशीम तेव्हा वत्सगुल्म होतं, राजधानी होतं. राजानं ब्राह्मणांना एक गाव दान दिलं, त्याचा हा दस्तऐवज. राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि प्रत्यक्ष व्यवहार सुरू झाला की भाषा उतरते प्राकृतावर. तांब्याच्या पत्र्यावरसुद्धा मोठ्यांची भाषा वेगळी नि कामाची वेगळी!

पुढे सवलतींची यादी येते. या गावात शिपाई शिरणार नाहीत. फुलं आणि दूध मागून नेणार नाहीत. बसायला कातडं आणि कोळसा पुरवायची सक्ती नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थबकलोच. एका गावाला माफी आहे, याचा अर्थ आजूबाजूच्या गावांना हे सगळं द्यावं लागत होतं. सोळाशे वर्षांपूर्वीच्या कुणब्याच्या अंगणात सरकारी माणूस येऊन बसला आहे आणि घरातली बाई कोळसे काढून देते आहे, हे चित्र त्या ‘नाही’मधून दिसतं. साहेबांचा दौरा ठरला की खुर्च्या कोणाच्या घरून येतात, हे आजही खेड्यात सगळ्यांना माहीत असतं, तो भाग वेगळा.

साहेबांनीही या गावाला आपला थर दिला. इंग्रजी अमलात वाशीम जिल्ह्याचं ठिकाण होतं. अशा गावी अंमलदारांची वस्ती जुन्या गावापासून फटकून असायची, तिचं नाव सिव्हिल लाइन. ते इथंही आहे. १९०५ साली जिल्हा मोडला, वाशीम अकोल्यात घातलं आणि १ जुलै १९९८ला जिल्हा पुन्हा झाला. मधली ९३ वर्षं वाशीम तालुक्याचं गाव म्हणून राहिलं.

आता ऑटोतल्या त्या पत्त्याकडे येऊ. आययूडीपी ही शहर विकासाच्या एका सरकारी योजनेची इंग्रजी आद्याक्षरं. त्यांचा अर्थ तिथं राहणाऱ्यांपैकीही फार थोडे सांगतील, पण पत्ता म्हणून ती पक्की बसली आहेत. सरकारी घरकुलांच्या भाषेत माणसाचे गट पडतात ते अल्प उत्पन्न, मध्यम उत्पन्न, उच्च उत्पन्न असे. पुऱ्यात जन्म बघत, इथं पगाराची स्लिप. म्हणून तर ऑटोवाल्यानं नोकरी विचारली. निदान कागदावर तरी मास्तर, तलाठी, बँकेतला कारकून यांच्या भिंती आडनाव न विचारता एकमेकींना चिकटल्या. शहरातल्या जातीनं लगेच गाशा गुंडाळला असं नाही. भाड्यानं खोली शोधायला निघालेल्याला ते दुसऱ्याच दारात कळतं.

त्याही पुढची पायरी म्हणजे खासगी ले-आउट. इथं ओटा नाही, कंपाउंड आहे आणि लोखंडी गेट. शेजारणी बोलतात त्या गच्चीवरून, नाहीतर नळ आला की. ले-आउट पाडताना साधारण दहा टक्के जागा खुली सोडावी लागते, आणि त्या मोकळ्या जागेत हमखास एक मंदिर उगवतं, बहुतेकदा गजानन महाराजांचं. गणपती तिथं, हळदीकुंकू तिथं, कुरिअरवाल्या पोराला बोलवायचं तेही “मंदिरापाशी ये.” वेशीचं काम आता ते मंदिर करतं.

आमच्या ले-आउटच्या कमानीवर झोकदार नाव आहे. सातबाऱ्यावर ती जमीन एनए झाली, त्यालाही वर्षं लोटली. दूधवाले काका मात्र रोज सकाळी घरी फोनवर सांगतात, “आता पाटलाच्या वावरात हाओ, अर्ध्या घंट्यात येतो.”